मरळीचं कातडं आणि देवरे मॅडम

देवरे मॅडमना निवृत्त होऊन आता दोन वर्षं होत आली, पण त्यांचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं. लोकांना वाटतं, हा लॅब असिस्टंट माणूस, मॅडमनी कधी झापलं असेल, त्याचा राग धरून बसलाय. झापायच्या तर त्या रोजच. त्याचं काही नाही. ज्या दिवशी मला खरोखर झापायला हवं होतं, त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत, त्याचा राग आहे.

डॉ. सुलोचना देवरे आमच्या नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. माहेर कळवणकडचं, माळकरी घर. अंडंसुद्धा कधी तोंडाला लावलेलं नाही आणि उभा जन्म गेला माशांत. उंची बेताची, आवाज मात्र व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. कॉटनच्या साडीवर पांढरा कोट चढवायच्या आणि तो कोट घालूनच विसरून घरी जायच्या. मग दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तो अंगणातल्या तारेवर वेगळा वाळत घातला म्हणून उशीर झाला, असं हजेरीपुस्तकासमोर उभं राहून खरं कारण सांगायच्या. दुसरं कोणी असतं तर रिक्षा मिळाली नाही म्हणालं असतं.

त्यांच्या तोंडात दोनच शब्द कायम. पहिला "किती?" पाणी गरम झालंय म्हटलं की "किती?" पोरं बरीच आलीत म्हटलं की "किती?" एकदा मी म्हणालो, "मॅडम, आज माझं डोकं लई दुखतंय," तर सवयीने "किती?" म्हणाल्या आणि मग स्वतःच ओशाळल्या. दुसरा शब्द "पुन्हा करा". प्रयोग चुकला तर पुन्हा करा, बरोबर आला तरी पुन्हा करा. पोरं त्यांना मागे 'पुन्हा मॅडम' म्हणायची. हे त्यांना माहीत होतं. वर्गात एकदा म्हणाल्या, "नाव चांगलं ठेवलंय. पण ठेवणाऱ्याने जर्नल पूर्ण केलेलं नाही."

मला त्या 'तुम्ही पगारे' म्हणायच्या. फार संतापल्या की मात्र 'तू' वर यायच्या आणि नाशिकची शुद्ध मराठी सोडून थेट अहिराणी सुरू व्हायची. "काय करी राहिना तू?" असं आतल्या खोलीतून ऐकू आलं की मी हातातलं काम सोडून उभा राहायचो.

त्यांचं संशोधन मरळीच्या कातड्यावर होतं. मरळ म्हणजे आपली ती धरणातली, सापासारख्या डोक्याची, पाण्याबाहेर काढली तरी तासभर तडफडत राहणारी. खाणारे तिचं कातडं सोलून टाकतात. त्या टाकून दिलेल्या कातड्यात सूज उतरवणारं काही आहे का, एवढंच मॅडमना बघायचं होतं. हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं आईमुळे. आई माळकरी, पण तरुणपणापासून संधिवात. शेजारची एक म्हातारी भिल्लीण गुपचूप मरळीचं कातडं आणून द्यायची आणि आई गोठ्यात बसून ते गुडघ्याला बांधायची. घरात कोणाला पत्ता नाही. लहानग्या सुलोचनाने बघितलं तेव्हा आई म्हणाली होती, "तुन्हा बापले सांगजो नको." बापाला सांगू नकोस. त्यांनी बापाला सांगितलं नाही, पण पुढे चाळीस वर्षांनी लॅबमधल्या फळ्यावर लिहिलं.

पद्धत साधी होती. कातडं वाळवायचं, बारीक करायचं, अल्कोहोलमध्ये भिजत घालायचं, अर्क काढायचा. मग अंड्यातला पांढरा बलक पाण्यात मिसळून गरम करायचा. नुसता गरम केला की तो गढूळ होतो. अर्क घातल्यावर कमी गढूळ झाला, तर अर्कात काहीतरी दम आहे, शरीरातल्या सुजेवरही तो चालण्याची शक्यता आहे. किती कमी गढूळ, ते मशीन सांगायचं. अंडी मीच फोडायचो. मॅडम तोंड फिरवून उभ्या राहायच्या आणि "किती?" विचारायच्या.

एकदा काम करता करता अचानक म्हणाल्या, "पगारे, मरळ चवीला कशी लागते हो?"

म्हटलं, "लई भारी मॅडम. काटा कमी. आमच्या मिसेस लाल रश्श्यात करतात."

"लई म्हणजे..." म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. त्या हसल्या की समोरचे दोन दात थोडे पुढे आलेले दिसायचे. हे फार वेळा दिसायचं नाही, कारण हसण्यासारखं काही घडायचंच नाही.

कॉलेजने त्यांना जेवढं छळलं तेवढं मरळीनेही छळलं नसेल. अख्ख्या विभागाला मिळून एक फ्रीज. त्यावर मॅडमनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं, 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत'. तरी ऑफिसवाले दुधाच्या पिशव्या आणून कोंबायचे. एकदा कोणा पाहुण्यांसाठी प्राचार्यांनी श्रीखंडाचे डबे पाठवले. शिपायाने जागा करायला म्हणून मॅडमच्या बाटल्या बाहेर काढून खिडकीत ठेवल्या. मे महिना, नाशिकचं ऊन, आठ महिन्यांचा अर्क. मॅडमनी डबे उचलले, प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक चालली होती तिथे गेल्या आणि टेबलाच्या मधोमध ठेवून म्हणाल्या, "सर, हे खायला हरकत नाही. फक्त ज्या फ्रीजमध्ये दीड वर्ष मासळीचं कातडं राहतंय त्यात हे होतं, एवढं पाहुण्यांना सांगा." पाहुणे जैन होते. त्यानंतर वर्षभर विभागाची एकही फाईल वेळेत पुढे सरकली नाही.

मासळी बाजारातून कातडी आणायचं काम माझं. मॅडम बाजारात कधी आल्या नाहीत. वास सोसत नाही असं नाही, लॅबमध्ये त्या दिवसभर त्याच वासात असायच्या. पण सासूबाईंची ओळखपाळख जुन्या नाशकात घरोघर, कोणी बघितलं तर घरी रामायण. मग मीच जायचो. हिराबाई म्हणून भोयांची बाई होती, गंगापूर धरणाची मरळ तिच्याकडेच चांगली मिळायची. ती मरळ सोलली की कातडं आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. पहिली दोन वर्षं मी ती पिशवी घेऊन शेअर रिक्षात बसलो की लोक नाकाला रुमाल लावायचे. एकदा तर एका बाईने रिक्षा थांबवून मला उतरवायला लावलं. मी हिराबाईला म्हटलं, "मावशी, या वासाचं काहीतरी करा. माझी रोज इज्जत जाते."

ती म्हणाली, "आन मंग आदी सांगायचं नाय का? उद्यापासनं बघते मी."

दुसऱ्या दिवसापासून वास पुष्कळ कमी झाला. मला बरं वाटलं.

मॅडमचे आकडे तोवर काही बोलत नव्हते. गढूळपणा कमी व्हायचा, पण इतका थोडा की त्यांना तो खरा वाटायचा नाही. पुढच्या वर्षी मात्र आकडे एकदम चढले. मॅडमनी नेहमीप्रमाणे पुन्हा केलं. पुन्हा तेच. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. अर्काला फिकट पिवळी झाक होती. मॅडम म्हणाल्या, मरळीच्या पोटाकडचं कातडं पिवळसरच असतं, तोच रंग उतरतोय. गावातल्या एका फार्मसी कॉलेजने परवानगीने उंदरांवर प्रयोग केला, त्यांच्या सुजलेल्या पंजाची सूज उतरली. मॅडमचा पेपर बाहेरच्या एका चांगल्या जर्नलमध्ये छापून आला. स्थानिक पेपरात फोटोसह बातमी आली, 'माशाच्या कातड्यातून संधिवातावर आशा'. त्या दिवशी त्यांचे दात मी दिवसभर बघितले.

बातमीनंतर लोक यायला लागले. पंचवटीतले एक गुरुजी तर दर आठवड्याला यायचे. गुडघे सुजलेले, काठी टेकत जिना चढायचे. पहिल्या दिवशी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, ते औषध द्या. फक्त कशाचं आहे ते मला सांगू नका."

मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, पेपरात वाचूनच आलात ना?"

"वाचलं ते विसरलो. तुम्ही नुसतं औषध म्हणा, मी डोळे मिटून घेतो."

"ते अजून उंदरापर्यंत पोचलंय. माणसापर्यंत नाही. माणसाला काय होईल मला माहीत नाही."

"चांगलंच होईल हो. तुमच्या हातात यश आहे."

"मला माहीत नाही म्हणजे नाही देणार." गुरुजी खाली मान घालून जिना उतरले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. मला त्यांची कीव यायची. एक बाटली दिली असती तर काय बिघडलं असतं, असं मी बोलून दाखवलं. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी अंड्यांच्या ट्रेकडे वळलो. आणि गुरुजींचं सोडा, सख्ख्या आईलाही त्यांनी दिलं नाही. आईची बोटं तोवर पार वाकली होती, भाकरी थापता येत नव्हती. रविवारी फोनवर ती एकच विचारायची, "तुन्हं औषध व्हयनं का?" मॅडम म्हणायच्या, अजून नाही, थांब.

मग ते पत्र आलं. दूरच्या एका राज्यातल्या लॅबने मॅडमचाच प्रयोग त्यांच्याकडच्या मरळीवर करून बघितला होता. त्यांना काहीच मिळालं नाही. भाषा सभ्य होती, पण अर्थ स्पष्ट होता. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, तुमची मरळ वेगळी, आमची वेगळी. मॅडम तीन महिने पुन्हा करत राहिल्या. आमच्याकडे आकडे छान येत होते आणि तेवढ्याच त्या जास्त बेचैन होत होत्या. अल्कोहोल बदललं, मशीन दुरुस्त करून आणलं, काचेची भांडी नवी घेतली. जेवणाचा डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या.

एके दिवशी मला समोरच्या स्टुलावर बसवलं, वही उघडली. "हिराबाईच्या हातून पिशवी तुमच्या हातात येते. तिथून सांगा. मधलं काही गाळू नका."

मी सांगायला लागलो. रिक्षात बसतो, मागच्या दाराने येतो, बेसिनमध्ये पिशवी रिकामी करतो, नळाखाली धुतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतो, मग ट्रेमध्ये लावून तुम्हाला देतो.

"पाणी स्वच्छ येईपर्यंत म्हणजे? रक्त असतं?"

"रक्त ती तिथेच धुते. हळद जायला पाहिजे ना मॅडम."

त्यांचं पेन थांबलं. "कसली हळद?"

"हळद-मीठ. हिराबाई चोळून देते. वास येऊ नये म्हणून. घरी कसं लावतात मासळीला, तसं."

"कधीपासून?"

मी सांगितलं. रिक्षातून उतरवलं त्या दिवसापासून. नऊ वर्षं झाली असतील.

आता 'तू' येईल, अहिराणी येईल, बाटली फेकून मारतील, असं मला वाटलं. मला ते हवंच होतं. मी उठून उभासुद्धा राहिलो. मॅडमनी वहीची मागची पानं चाळली, आकडे चढले त्या वर्षापर्यंत गेल्या, बोट ठेवून बघत राहिल्या. हळद सूज उतरवते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कातड्यात मुरलेली हळद पाण्याने जात नाही, अल्कोहोलमध्ये मात्र उतरते, हे मला त्या दिवशी कळलं. फ्रीज कोणी कधी उघडला, त्या दिवशी खोलीत किती गरम होतं, सगळं त्या वहीत होतं. हळद नव्हती. माशाला हळद-मीठ लावलं हे काय सांगायचं असतं? आमच्या घरात कोणी सांगत नाही. आणि मॅडमच्या घरात मासाच नव्हता, तर त्या विचारणार कशा?

"बसा पगारे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर बाजारात आल्या. हिराबाईने फळीवर जागा करून दिली, "बसा म्याडम" म्हणाली. समोर दोन मरळी सोलून घेतल्या. एकीचं कातडं कोरडं, एकीचं हळद-मीठ लावून, आणि तिच्याकडची नुसती हळद वेगळ्या पुडीत. काय झालंय ते मी हिराबाईला सांगितलं, तर ती बिचारी रडायलाच लागली. "लोकांना हळद फुकट लावत नाय वो भाऊ. तुमी घरचे म्हणून लावली."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही चांगलंच केलंत."

तिन्ही अर्क काढले. पुन्हा केलं, पुन्हा केलं. हळद लावलेलं कातडं आणि नुसती हळद, दोन्हींचे आकडे चढले; नुसत्या कातड्याने मात्र बलक जवळपास अर्क न घातल्याइतकाच गढूळ झाला. मी म्हटलं, "मॅडम, थोडा फरक दिसतोय की." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. तो फरक मोजण्यातल्या चुकीपेक्षाही लहान होता.

पुढचं सगळं मला नको होतं. मॅडमनी जर्नलला पत्र लिहून पेपर मागे घ्यायचं ठरवलं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मूल्यांकन समिती यायची होती, कॉलेजच्या अहवालात पहिल्या पानावर हाच पेपर. ते म्हणाले, "मॅडम, हळद काय न् मासळी काय, सूज उतरली ना? तुमचं वर्ष राहिलंय निवृत्तीला. कशाला उकरता?"

मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "कोणाला कळणार आहे मॅडम?"

"गुरुजींना," त्या म्हणाल्या. "उद्या कोणीतरी हे वाचून मरळीचं औषध काढेल, ते डोळे मिटून पितील, आणि गुडघे तसेच राहतील." मग म्हणाल्या, "माझ्या आईचेही."

पत्र मी वाचलं. 'कच्च्या मालाची हाताळणी मी स्वतः तपासली नाही', एवढंच. खाली त्यांची एकटीची सही. मी म्हणालो, यात माझं नाव घाला. धुतलं मी, सांगितलं नाही मी, वासाचं तोंड वर करून बोललो तेही मीच.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव पेपरावर कुठे होतं पगारे? मग चुकीत कसं घालू?"

मला झोंबलं ते. अकरा वर्षं कातडी आणली, अंडी फोडली, आणि नाव कुठेच नाही, हे त्या दिवसापर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्याही आलं नसावं, कारण बोलून झाल्यावर त्या बेसिनकडे वळल्या, आणि मग बराच वेळ दोघंही तिथे उगीच भांडी धूत उभे राहिलो.

त्या रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. राहिलेल्या महिन्यांत कोरड्या कातड्यांवर पहिल्यापासून काम करायचं म्हणून मॅडम सुट्टीतही येत होत्या. आईने तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नै माय. चुकनं मन्हं." पलीकडून आई काय म्हणाली ते फोनच्या स्पीकरमधून ऐकू आलं. "मन्हा हात तश्याच शेतस." माझे हात तसेच आहेत. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. मॅडमनी फोन ठेवला आणि मशीन सुरू केलं. वर्ष संपेपर्यंत त्यात काही निघालं नाही. निघायला वेळच कमी होता.

निरोप समारंभ मोठ्या हॉलमध्ये झाला. प्राचार्यांनी मानपत्र वाचलं. जुन्या बातमीवरूनच कोणीतरी उतरवलेलं, 'मरळीच्या कातडीतील सूजनाशक गुणधर्मांचा शोध लावून महाविद्यालयाचे नाव उज्ज्वल केले'. मी मागच्या रांगेत होतो, मला खुर्चीखाली घुसावंसं वाटलं. मॅडम माईकपाशी गेल्या. "यातलं एक वाक्य चुकीचं आहे. तो शोध नव्हता. मी तो परत घेतलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे एक सर मला म्हणाले, "बघ, एवढं करून किती नम्रपणा." मॅडमनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पुन्हा टाळ्या. मग निवेदिकेने पुढचा शेर म्हटला.

चहा सुरू झाला तशा मॅडम शाल, नारळ आणि मानपत्राची फ्रेम घेऊन लॅबमध्ये आल्या. मी मागोमाग गेलो. फ्रेम टेबलावर पालथी घातली, चिमट्याने मागचे खिळे एकेक करून उपसले आणि कागद बाहेर काढला. प्रयोगाच्या वहीत खोडायची आमची रीत आहे, गिरगटायचं नाही, एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला खोडणाऱ्याची सही. त्यांनी त्या वाक्यावर पट्टी धरून एक रेघ ओढली. बाजूला सही केली, तारीख घातली.

मग पेन माझ्याकडे केलं. "तुम्ही पण करा."

मी हात पँटला पुसले.

"करा. दोघांनी मिळून चुकवलंय."

मी सही केली. ती वेडीवाकडी आली. मॅडमनी ती नीट बघितली, कागद काचेत घातला, खिळे ठोकले, फ्रेम काखेत मारली आणि जिना उतरून गेल्या. कोट अंगावरच होता. ते मानपत्र कळवणला आईच्या खोलीत भिंतीवर लावलंय म्हणे. मी अजून बघायला गेलेलो नाही.